शेरा : गहाळ

एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलला पुढच्या बाजूने तार बांधलेली असे. तारेवर पातळ पुस्तके टांगलेली असत. हातिमताई, गुलबकावली, वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी, शुकबहात्तरी. मुखपृष्ठावर भडक निळे-तांबडे रंग, घोड्यावरचा राजपुत्र आणि ढगांतून वाकून पाहणारा राक्षस. आतला कागद वर्तमानपत्राचा. गाडी लागेपर्यंत निम्मे पुस्तक उभ्या उभ्या वाचून होई. स्टॉलवाला काही म्हणत नसे. स्टॉल अजून आहेत. तारेवर आता वेफर्सची पाकिटे आणि मोबाइलचे चार्जर आहेत. पुस्तके आहेत ती स्पर्धा परीक्षांची.

हातिमताईत सात सवाल आहेत. ते हुस्नबानूने घातलेले. तिच्या प्रेमात पडलेला मुनीरशामी वेगळा, उत्तरे शोधायला निघतो तो हातिम, स्वतःसाठी काही न मागता. शेवटच्या सफरीत तो एका हमामात अडकतो. तिथे पिंजऱ्यात एक पोपट आहे आणि बाण तीनच आहेत. पहिला चुकला की पाय दगडाचे होतात. दुसरा चुकला की दगड आणखी वर चढतो. तिसरा बाण हातिम डोळे मिटून सोडतो. हा प्रसंग न अडखळता सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत.

चातुर्मासात देवळात पोथी लागे. श्रीधरांचा हरिविजय १७०२ चा, रामविजय १७०३ चा, पांडवप्रताप १७१२ चा. पुढची अडीचशे वर्षे गावोगावच्या लोकांनी रामायण-महाभारत वाचले ते बहुतांशी असे, कानांनी. रात्रीची जेवणे आटोपली की माणसे जमत. एक जण ओव्या वाचे, दुसरा अर्थ सांगे. खांबाला टेकलेल्या बायका ऐकता ऐकता वाती वळत. युद्धाचा अध्याय लागेपर्यंत मुले झोपलेली असत. त्यांना तसेच खांद्यावर टाकून घरी नेत. दुसऱ्या दिवशी ती विचारीत, कोण मेले.

पोथीची पाने सुटी आणि आडवी होती. वाचलेले पान उचलून पालथे घालायचे. अध्याय संपला की पाने सारखी करून लाल फडक्यात बांधायची. आता मिळते ती पोथी शिवलेली असते, पुस्तकासारखी. फडके बऱ्याच घरांत नाही. पुष्कळ देवळांत ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रण लागते. त्यात अर्थ सांगणारा दुसरा माणूस नाही, आणि मध्येच शंका विचारणारा तिसराही नाही.

श्रावणातल्या कहाण्या घरात वाचल्या जात. प्रत्येक वाराची कहाणी वेगळी. ऐकणाऱ्याच्या मुठीत अक्षता असत. कहाणी पुरी झाली की त्या वाहायच्या, तोवर मूठ उघडायची नाही आणि जागचे उठायचे नाही. मुलांच्या मुठी घामेजत आणि तांदूळ बोटांना चिकटून बसत.

आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणीला कहाणी सांगायची असते आणि ऐकायला उपाशी माणूस हवा असतो. ती नगरात हाकारा करवते. वाटेत मोळीविक्या भेटतो, पुढे माळी, पुढे एक म्हातारी. राणी प्रत्येक वेळी सहा मोत्ये काढते. तीन स्वतःकडे ठेवते, तीन ऐकणाऱ्याला देते. सांगणारा आणि ऐकणारा यांची इतकी बरोबरीची वाटणी फार थोड्या गोष्टींत सापडते. आता कहाणी मोबाइलवर लागते. फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला असतो. मध्ये जाहिरात येते. ऐकणारीचे हात कणकेत असतात.

आषाढी अमावास्येला घरातले दिवे घासून पाटावर मांडायचे. समई, निरांजन, लामणदिवा, ठाणवई, कंदील, पुढे पुढे विजेरीसुद्धा. मग दिव्यांच्या अवसेची कहाणी. घरच्या सुनेने स्वतः खाल्लेल्या पदार्थांचा आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड घेतला, सुनेला घराबाहेर काढण्यात आले. अवसेच्या रात्री गावातले दिवे झाडावर जमून एकमेकांना आपापल्या घरची हकिगत सांगू लागले. तिच्या घरचा दिवा म्हणाला, माझ्यासारखा हतभागी कोणी नाही. झाडाखाली मुक्कामाला थांबलेल्या राजाने ते ऐकले. बोलणारे दिवे इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या गोष्टीत येत असतील असे वाटत नाही. शहरातल्या कित्येक मुलांना या दिवसाचे एकच नाव ठाऊक आहे, गटारी.

ठाणवई म्हणजे काय, हे सांगावे लागते.

जिवतीचा कागद अजून मिळतो. चार चौकटी: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. पूर्वी दर श्रावणात नवा कागद आणून भिंतीला डकवत. महिन्याच्या पूजेने त्यावर हळदीकुंकवाचे थर चढत आणि मुले त्याखाली बसून चौकटींतल्या गोष्टी विचारत. आता अनेक घरांत जिवती लॅमिनेट केलेली असते. पुसून ठेवता येते. पुढच्या वर्षी तीच.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर होते. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि तिची आया अ‍ॅना लिबेराता डिसूझा. छावणीत बायका अशा या दोघीच. वेळ जात नव्हता, म्हणून मेरीने अ‍ॅनाला गोष्टी सांगायला सांगितल्या आणि त्या लिहून घेतल्या. १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. त्यात २४ गोष्टी आहेत. पहिली पंचकिन नावाच्या जादूगाराची. त्याचा जीव दूर अरण्यात, पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात आहे. पुढे जगभरच्या लोककथांच्या अभ्यासकांनी या पोपटाचा दाखला दिला.

अ‍ॅनाला या गोष्टी तिच्या आजीने सांगितल्या होत्या. पुस्तकात अ‍ॅनाची स्वतःची हकिगतही छापली आहे. आजीला गोष्टी पुष्कळ येत होत्या. एकेकाळी अ‍ॅनालाही त्या येत होत्या. मग घरात मृत्यू झाले, कष्ट वाढले, काळज्या वाढल्या, आणि बऱ्याचशा विसरल्या. आजीने ज्या भाषेत त्या सांगितल्या त्या भाषेत कुणी लिहून घेतल्या नाहीत. मेरीने लिहिले ते इंग्रजीत.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारताचे प्रसंग चित्रांवरून सांगत. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणत. दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली. एक बाजू सांगून झाली की चित्र उलटायचे. जुन्या पोथ्या आता संग्रहालयात आहेत. काचेतले चित्र उलटता येत नाही.

मराठीतली पहिली अद्भुतरम्य कादंबरी ‘मुक्तामाला’ १८६१ ची. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची. पुढे नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. अनोळखी नगरे, वियोगात झुरणारे राजपुत्र, वेषांतर केलेल्या नायिका, शेवटी सर्वांचे मीलन. या कादंबऱ्यांवर आता टीपा लिहिल्या जातात, दहा गुणांच्या. त्या वाचत जागलेल्या माणसाची आठवण असणारेही कुणी उरलेले नाही.

द्वारकानाथ माधव पितळे शिकारीला गेले असता सिंहगडावरून कोसळले. कमरेखालचे शरीर गेले. त्यांनी अंथरुणावर पडून कादंबऱ्या लिहिल्या, नाथमाधव या नावाने. ‘वीरधवल’ १९१३ ची. तीत किल्ले आहेत, भुयारे आहेत, दौडणारे घोडे आहेत. ज्याला पलंगावरून उठता येत नव्हते त्याच्या पुस्तकातली माणसे क्षणभर एका जागी थांबत नाहीत. १९२८ साली ते गेले. वीरधवल त्यानंतरही अनेक वर्षे वाचनालयांतून हातोहात फिरत होती.

गो. ना. दातारांनी लंडनच्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष दिला. ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’. आईवडिलांपासून लपवून वाचायच्या पुस्तकांत ही नावे पहिली असत. लपवण्याच्या जागाही ठरलेल्या होत्या: भूगोलाच्या पुस्तकात, उशीच्या अभ्र्यात, माळ्यावरच्या ट्रंकेमागे. आता कुणी मुलांपासून पुस्तक हिसकावून घेत नाही.

वाचनालयातली वीरधवल ओळखता येई. मूळ कव्हर नसे. बाइंडरने दोन जाड पुठ्ठे घालून पाठीला कापडाची पट्टी लावलेली असे. खळीत मोरचूद घातलेले असे, कसर लागू नये म्हणून. त्याचा वास पानांना शिवणीपर्यंत येई. पाठीवर नाव शाईने लिहिलेले, निम्मे पुसलेले. आत वाचनालयाचा गोल शिक्का तीन ठिकाणी. एक ठरलेल्या पानावर, पुस्तक चोरीला गेले तर ओळखता यावे म्हणून. शेवटी तारखांची चिठ्ठी. तीवर एकाखाली एक तारखा, काही महिन्यांत पाच-सहा, मग दोन, मग वर्षातून एक.

अशा प्रतीला बहुधा पहिला फर्मा नसे, म्हणजे पहिली सोळा पाने. लेखकाचे नाव त्यातच जाई. पुस्तक वाचलेले असे, लेखक ठाऊक नसे. कधी शेवटचा फर्माही नसे. मग शेवट विचारून घ्यावा लागे. गल्लीत कुणीतरी असे, ज्याने पाने शाबूत असताना वाचलेले होते. तो ओट्यावर बसून शेवट सांगे. सांगताना त्यात स्वतःचे थोडे मिसळे. दुसऱ्या गल्लीतला दुसरा शेवट सांगे.

समासात पेन्सिलीने लिहिलेले असे: ‘घाबरू नये, तो जिवंत आहे.’ दुसऱ्या अक्षरात त्याखाली: ‘कशाला सांगितलेस?’ वाचनालयाची पाटी होती, पुस्तकात लिहू नये. सगळे लिहीत.

सर्क्युलेटिंग लायब्ररी नावाचे दुकान चाळीच्या तळमजल्यावर किंवा जिन्याखाली असे. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, रोज एक पुस्तक. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, इंद्रजाल कॉमिक्स एकाच फळीवर. मालकाला प्रत्येक घराची आवड ठाऊक असे. मूल दारात दिसले की तो न विचारता पुस्तक काढी. त्या जागी आता झेरॉक्स आहे, किंवा मोबाइल रिचार्ज होते तेही गेले आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलेच लायब्ररी काढत. ओट्यावर दोरी बांधायची, कॉमिक्स मधोमध उघडून दोरीवर घालायची. तिथेच बसून वाचायचे पाच पैसे, घरी न्यायचे दहा. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झाले, १९९० मध्ये संपले. त्यातला वेताळ मुखवटा घालून घनदाट जंगलात कवटीच्या गुहेत राही. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ निराळा. मुलांना दोघेही ठाऊक होते आणि त्यांचा कधी घोटाळा झाला नाही.

चांदोबा मासिक मद्रासहून येई. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये तो सुरू केला. मराठी चांदोबा १९५२ चा. गोष्टी मुळात तेलुगूत लिहिल्या जात, मग बाकीच्या भाषांत उतरत. चित्रे सगळ्या भाषांत तीच. त्यामुळे सांगली-सातारच्या मुलांच्या मनातला राजवाडाही दाक्षिणात्य झाला. देवळांना गोपुरे, राण्यांच्या अंबाड्यात भरघोस फुले, नारळीची झाडे. कोकण सोडून इतरत्र नारळ दारात नव्हता. गोष्टीत होता.

विक्रम-वेताळाच्या गोष्टीवर एक ठरलेले चित्र असे. राजाच्या एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे वडाच्या पारंब्या आणि कवट्या. हे चित्र शंकर यांचे. मूळ कथासरित्सागरात वेताळाच्या गोष्टी २५ आहेत. चांदोबात त्या संपल्याच नाहीत. दर महिन्याला वेताळ नवी गोष्ट सांगे, प्रश्न विचारी, राजा उत्तर देई आणि मौन मोडे. वेताळ प्रेतासकट झाडावर परत. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मुले थांबत. पान झाकून आधी आपले उत्तर देत. घरात दोन मुले असली तर यावरून भांडण होई.

अंकात एक क्रमशः चालणारी कथा असे. राक्षस, मांत्रिक, पाताळातले किल्ले, जळणारी बेटे, दोन शूर तरुण. महिनाभर ती कड्याच्या टोकाला लटकत राही. या कथा दासरी सुब्रह्मण्यम लिहीत. पानावर त्यांचे नाव छापलेले नसे. भारतातल्या इतक्या भाषांतली इतकी मुले ज्याची वाट पाहत होती त्याचे नाव त्यांतल्या बहुतेकांना कधीच कळले नाही. ते २०१० मध्ये गेले.

शेवटच्या पानांत दोन छायाचित्रे असत. दोन्हींना जुळणाऱ्या ओळी वाचकांनी सुचवायच्या, पोस्टकार्डावर. मुलांनी आयुष्यात लिहिलेले पहिले पोस्टकार्ड बऱ्याचदा वडपळनी, मद्रास या पत्त्यावर गेले. अक्षर नीट यावे म्हणून आधी पाटीवर लिहून बघायचे. बक्षीस शेजारच्या कुणालाच मिळालेले नव्हते. तरी पुढच्या महिन्यात पोस्टकार्ड जाई.

१९९८ मध्ये चांदोबा थांबला. वर्षभराने पुन्हा निघाला. २००७ मध्ये तो एका सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतला. आकार बदलला, कागद चकचकीत झाला, चित्रे संगणकावर होऊ लागली. २०१३ च्या सुमारास अंक येणे बंद झाले. शेवटचा अंक म्हणून काही छापलेले नव्हते. वर्गणीदारांनी पोस्टमनला विचारले. मग विचारणे सोडले. शंकर यांचे सप्टेंबर २०२० मध्ये निधन झाले, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातली तलवार उजव्या हातात होती की डाव्या, यावर आता चाळिशी-पन्नाशीची माणसे वाद घालतात आणि पाहायला अंक कुणाकडेच नसतो.

जुने अंक बारा बारा एकत्र बांधून ठेवण्याची रीत होती. घर बदलताना सगळ्यात आधी तेच रद्दीत गेले. वजनाला भरपूर भरत.

मॉस्कोहून मराठी पुस्तके येत. प्रगती प्रकाशन, १९८२ नंतर रादुगा. जाड बांधणी, गुळगुळीत दमदार कागद, रंगीत चित्रे, आणि किंमत इतकी कमी की शाळकरी मूल खाऊच्या पैशांत घेऊ शके. लोकवाङ्मय गृहात ती मिळत, गावोगावच्या प्रदर्शनांत मिळत. तसे देखणे छापकाम मराठी मुलांच्या हाती आधी क्वचितच पडले होते, आणि नंतरही त्या किमतीला पडले नाही.

रशियन लोककथांत बाबा यागा होती. तिची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी. कोश्चेई होता, ज्याचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत, आणि पेटी ओकच्या झाडाखाली पुरलेली. ज्यांनी आजीकडून पोपटात जीव असलेल्या राक्षसाची गोष्ट ऐकली होती त्या मुलांना यात काही परके वाटले नाही. बर्फ त्यांनी पाहिलेले नव्हते. बर्च झाड पाहिलेले नव्हते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. पुस्तके येणे थांबले. मराठीत अनुवाद करणारी माणसे मॉस्कोत होती, त्यांचे कामही थांबले. आज ही पुस्तके जुन्या पुस्तकांच्या दुकानात क्वचित येतात. आल्या दिवशीच जातात. घेणारे मुलांसाठी घेत नाहीत.

मोठ्यांसाठी महाभारत कादंबऱ्यांत आले. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९, सावंतांचा ‘मृत्युंजय’ १९६७, त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, रणजित देसाईंचा ‘राधेय’ १९७३. ही पुस्तके अजून छापली जातात, विकली जातात. गेले ते त्यांच्याभोवतीचे काही. मृत्युंजयासाठी वाचनालयात नंबर लावावा लागे. दहावीला पहिल्या आलेल्या मुलाला शाळा तो बक्षीस देई, आतल्या पानावर मुख्याध्यापकांची सही. घरातला प्रत्येक जण तो पाळीपाळीने वाची, एकाच वेळी चार खुणा पानांत असत: बसचे तिकीट, मोरपीस, सुतळीचा तुकडा, दुमडलेला कोपरा. कर्णाची बाजू घेणारे आणि अर्जुनाची बाजू घेणारे जेवताना भांडत. शाळा आता स्मृतिचिन्ह देते. त्यावर विद्यार्थ्याचे नाव असते. उघडायला काही नसते.

‘युगान्त’ वाचून घरात शांतता पसरे. त्याबद्दल भांडता येत नसे.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला एकोणिसाव्या शतकात सुरुवात केली. ते काम मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेले. विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी बर्टनची संपूर्ण अरेबियन नाइट्स मराठीत उतरवली. १६ खंड. काही न गाळता, काही न झाकता. शहरजाद पहाट झाली की बोलायची थांबते, गोष्ट अर्धी राहते, म्हणून ती जिवंत राहते. वाचनालयांतून हे खंड सुटे सुटे गेले. कुठे तिसरा नाही, कुठे नववा नाही. गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक. मधला खंड नसला की आतली गोष्ट बाहेर येतच नाही.

मुंबईच्या फोर्टातले स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ साली सुरू झाले, २०१८ साली बंद झाले.

२१ जुलै २००७ च्या पहाटे मुंबई-पुण्याच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे मुले रांगा लावून उभी होती. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग येणार होता. काहींनी झगे घातले होते. पुस्तक हाती पडताच ती फुटपाथवर बसून वाचू लागली. पुस्तक इंग्रजी होते. हॅरी पॉटर मराठीतही आला, टोल्किनची महाकथाही मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणली. असे काम करायला वर्षे द्यावी लागतात आणि ती दिली गेली. ज्या घरांत अद्भुत कादंबऱ्या विकत घेतल्या जातात त्या घरांतली बरीच मुले आता मराठी अक्षरे जोडून जोडून वाचतात. आजोबांच्या कपाटातली वीरधवल त्यांना वाचून दाखवावी लागेल. आजोबांना आता बारीक टाइप दिसत नाही.

त्या पहाटेसारखी रांग पुस्तकासाठी पुन्हा लागलेली नाही.

वीज गेली की गोष्टी होत. भारनियमनाच्या काळात संध्याकाळी ठरलेल्या वेळी दिवे जात. अभ्यास नाही, टीव्ही नाही. अंगणात किंवा गच्चीवर सतरंजी. भोपळ्यातली म्हातारी लहानांसाठी, हडळ आणि मुंजा मोठ्यांसाठी. दिवे आले की सगळे एकदम ओरडत आणि गोष्ट तिथेच तुटे. ती दुसऱ्या दिवशी पुरी करायची असे ठरे. आता इन्व्हर्टर आहे.

आटपाट नगर हे नाव कहाणीतून मुलांच्या खेळात आले होते. वाळूत नगर करायचे, त्याला हेच नाव. कुणी विचारले कुठे आहे, तर तिथे, असे बोट दाखवायचे. बांधकामावरची वाळू आता पत्र्यांच्या आड असते.

‘किशोर’ हे मुलांचे मासिक १९७१ पासून निघते आहे, अजून निघते. जुने अंक संकेतस्थळावर ठेवले आहेत, फुकट वाचता येतात. हे मोलाचे काम आहे. पडद्यावरची पाने स्वच्छ आहेत, कोडी न सोडवलेली आहेत, चित्रांतल्या राक्षसांना कुणी मिशा काढलेल्या नाहीत.

दर काही वर्षांनी वाचनालयात निर्लेखन होते. जीर्ण पुस्तके, पाने गेलेली पुस्तके, कुणी न नेलेली पुस्तके बाजूला काढतात. यादी होते, समिती मंजुरी देते, पुस्तके किलोवर जातात. दाखल नोंदवहीत त्या ओळीवर तांबडी रेघ येते. नोंदवही टाकून देत नाहीत. ती लांब, जड, कापडी पाठीची असते, आणि पुस्तके गेल्यावरही त्यांची नावे तीत एकाखाली एक राहतात, बोरूच्या वळणाच्या अक्षरात. शेवटचा रकाना शेऱ्याचा. एका तालुक्याच्या गावच्या नोंदवहीत कादंबरी विभागाच्या एका पानावर असे शेरे आहेत. मंजुघोषा: जीर्ण. वीरधवल, भाग पहिला: जीर्ण. वीरधवल, दुसरी प्रत: गहाळ. इंद्रभुवनगुहा: गहाळ. कालिकामूर्ती: पाने नाहीत. हातिमताई: गहाळ. अरबी गोष्टी, भाग दुसरा: वाचकाकडे.